मंडपवाल्यानं स्टेजवर बोलायचं नसतं

मंडपाच्या धंद्यात माणूस दोनच गोष्टी साठवतो, फाटक्या कनाती आणि किस्से. कनाती मी कधीच विकून टाकल्या. किस्से कुणी विकत घेत नाही, म्हणून ते घरभर पडलेत. एक काढायला जावं तर त्याच्याखालचे चार सरकून बाहेर येतात.

माझी पुतणी पुण्यात इव्हेंट मॅनेजमेंटचा कोर्स करते. परवा सुट्टीला आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही या लाइनमधले जुने. करिअर वाढवायचं तर नेटवर्किंग कसं करायचं, प्लॅनिंग कसं करायचं, सांगा ना."

आमच्या वेळी इव्हेंट नव्हते, कार्यक्रम होते. आणि आम्ही मॅनेजर नव्हतो, मंडपवाले होतो. बहात्तरच्या दुष्काळात आणि त्याच्या पुढच्या कोरड्या वर्षांत उस्मानाबाद जिल्ह्यात पाऊस सोडून सगळ्याचं उद्घाटन होत होतं. सोसायट्या, दूध डेअऱ्या, तलाव, गोदामं. प्रत्येकाला मंडप लागायचा. मी अण्णांकडे कामाला होतो. उस्मानाबादेत त्यांचं मंडपाचं दुकान होतं. माइक आणि भोंगे रशीदभाईंचे. आम्ही तिघं एका टेम्पोतून जिल्हाभर हिंडायचो.

मला त्या काळात एकच गोष्ट हवी होती. सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. त्याच्या पहिल्या गळीत हंगामाचा मंडप माझ्या स्वतःच्या नावावर मिळावा, एवढंच. तो मिळाला की जिल्ह्यात नाव झालं समजा. अण्णा थकले होते, त्यांचा मुलगा बँकेत चिकटला होता. "तू घे यशवंता, म्या आड येत न्हाय," असं ते स्वतःच म्हणाले होते. देणं कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या हातात होतं.

अण्णांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता. "मंडपवाल्यानं स्टेजवर बोलायचं नसतं. मंडप दिसावा, मंडपवाला न्हाय." बाकीचं शिक्षण पुढे कामावरच झालं.

*

नेटवर्किंगचा धडा लोहाऱ्यात मिळाला. सोसायटीच्या गोदामाचं उद्घाटन होतं. चेअरमनसाहेबांची जीप आली तसे सगळे हार घेऊन साहेबांकडे धावले. अण्णा मात्र ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून टपरीवर चहाला गेले.

साहेब तहसीलात फराळ करेपर्यंत अण्णा परत आले, सरळ स्टेजवर चढले आणि मधल्या लाकडी खुर्चीवर कापसाची जाड उशी ठेवून वर पांढरी चादर घातली. मी विचारलं, "अण्णा, हे काय करायलाव?"

"साहेबांना गळू झालंय. बसायच्या जागी. ड्रायव्हर म्हणला, उस्मानाबादपासनं गडी जीपमधी दांडीला लोंबकळत आलाय."

साहेब स्टेजवर आले, खुर्चीकडे फाशीचा दोर बघावा तसं बघितलं आणि हळूच टेकले. मग त्यांचा चेहरा जो उजळला, तो भाषण संपेपर्यंत तसाच. जाताना अण्णांची पाठ थोपटली आणि पुढचे सगळे कार्यक्रम आमच्याकडे आले. त्या दिवशी कुणी शाल दिली होती, कुणी चांदीचा गणपती दिला होता. साहेबांच्या लक्षात राहिली ती उशी.

मला त्या वेळी अण्णांचं फार कौतुक वाटलं. आता वाटतं, त्याच रस्त्यावर बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. त्यांच्या हाताला काय झालंय, हे आम्हाला कुणाच्या ड्रायव्हरला विचारावंसं वाटलं नाही.

*

आता प्लॅनिंग. बेंबळीच्या बाजूला एका माळावर पाझर तलावाचं भूमिपूजन होतं. आम्ही खड्डे घेतले, वासे रोवले, मंडप घातला. पाहुण्यांनी कुदळ मारली, नारळ फोडला, फोटो निघाला. पुढल्या वर्षी नवीन पाहुणे आले, त्याच माळावर त्याच तलावाचं पुन्हा भूमिपूजन. त्याच्या पुढल्या वर्षी निवडणूक होती, मग काय विचारता.

पहिल्या वर्षी मंडप उतरवल्यावर मी खड्डे बुजवायला घेतले तर अण्णांनी फावडं धरलं. "राहू दे. पुढल्या साली लागतील."

मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. पण दरवर्षी आम्ही जायचो, त्याच खड्ड्यांतली माती उपसायचो आणि तेच वासे रोवायचो. अर्ध्या वेळात मंडप उभा. कोर्समध्ये याला काय म्हणतात ते पुतणीला विचारायला हवं. तलाव काही झाला नाही. त्याचं आजवर जे काही खोदकाम झालं, ते आम्ही केलेलं आहे.

*

येरमाळ्याजवळ एकदा मैदानावर धूळ फार होती. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर ती उडू नये म्हणून वरून हुकूम आला आणि पाण्याचा टँकर आणून मैदान भिजवायला सुरुवात झाली. टँकर रोज ज्या वस्तीला जायचा तिथल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन मागोमाग चालत आल्या. त्या भांडल्या नाहीत. कडेला उभ्या राहून बघत राहिल्या.

त्यातली एक म्हातारी अण्णांजवळ आली आणि अगदी काळजीनं विचारावं तसं म्हणाली, "बाबा, जमिनीला लई तहान लागली व्हती व्हय?"

कलेक्टरपासून शिपायापर्यंत सगळ्यांना उत्तर देणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यानं डोक्याचा रुमाल काढला, झटकला आणि परत बांधला. मला त्या मैदानाचा ओला वास अजून येतो आणि अजून संताप होतो.

*

गर्दी जमवणं हेही आमच्याच गळ्यात असायचं. दूध डेअरीच्या एका कार्यक्रमाला माणसं येईनात, तेव्हा रस्त्याच्या कामावरची अख्खी टोळी ट्रकमधून आणून मंडपात बसवली. आजची हजेरी इथंच लागणार, असं त्यांना सांगितलेलं.

उन्हाळाभर डोक्यावर सावली न मिळालेली ती माणसं. मंडपाची सावली, खाली सतरंजी, समोर संथ आवाजात दुधाच्या फॅटवर भाषण. सगळी टोळी बसल्या जागी झोपली. बाया एकमेकींच्या खांद्यावर, पुरुष गुडघ्यांवर. स्टेजवरून वक्ते म्हणाले, "एवढा शांतपणे ऐकणारा समुदाय मी आजवर पाहिला नाही."

भोंग्यात खरखर नव्हती तरी मला आवाज कमी कमी होत चाललेला जाणवला. वळून बघितलं तर रशीदभाई मशीनचं बटण हळूहळू मागं फिरवत होते. मी जवळ गेलो तर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "सोने दे रे यशवंता. थके सो लोगां हैं."

जिल्ह्यात मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं भाषण ते. शेवटी तर ते ऐकूच येत नव्हतं.

*

माझ्यासाठी अण्णांचा एक खास सल्ला होता. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी छप्पन्नच्या नंतर दीक्षा घेतलेली. अण्णांना ते ठाऊक होतं आणि त्यांच्या घरी मी त्यांच्या शेजारी बसून जेवायचो. पण बाहेर निघालो की म्हणायचे, "ओळखी वाढव. नुसतं यशवंता म्हण. कुणी म्होरचं विचारलं की दोरी आवळायला लाग."

एका गावी एका घरापुढं मंडप घालत होतो. घरमालक मोठा प्रेमळ. त्यानं खुर्ची टाकली आणि माझी चौकशी सुरू केली. गाव कुठलं? मी गाठ मारली. वडील काय करतात? मी दुसरी गाठ मारली. "पर आडनाव काय तुमचं?" मी त्याच वाशाला तिसरी, चौथी, पाचवी गाठ मारत राहिलो. शेवटी तोच कंटाळला आणि म्हणाला, "गडी कामसू हाय बरं का अण्णा."

मंडप उतरवताना तो वासा काही सुटेना. अण्णांनी कोयता मागवला आणि नवी कोरी दोरी कापून टाकली. पुतणीला मी हा किस्सा सांगितला तर ती हसली नाही. बरं झालं.

*

आणि मग आमच्याच गावची नळयोजना आली. बेंबळीच्या पुढं आमचं गाव, नाव सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत. चेअरमनसाहेब नळ सोडणार होते. त्यांनी मला आधीच बोलावून सांगितलं होतं, "एवढा कार्यक्रम नीट पार पाड यशवंता. मग कारखान्याचा मंडप तुझा."

नळ तयार होता, टाकी तयार होती, फक्त योजनेच्या विहिरीला पाणी नव्हतं. सरपंच पाटील मला बाजूला घेऊन म्हणाले, "तोटीला पाणी आलं पायजे. कुठनं आणायचं ते तू बघ. टँकर दिसता कामा न्हाय." बोलताना ते आमच्या वस्तीकडे बघत होते आणि मी बघितल्यावर त्यांनी मान फिरवली.

गावात तेव्हा पाणी एकाच विहिरीला होतं. आमच्या बौद्धवाड्यातल्या. दुष्काळी कामात सुरुंग लावून खोल नेलेली. गावच्या विहिरी, आड सगळे कोरडे पडले तरी गाव त्या विहिरीवर आलं नव्हतं. टँकरची वाट बघत बसायचं, पण यायचं नाही.

मी स्टेजच्या मागं फळ्यांवर एक पिंप चढवलं आणि सतरंजीखालून नळी नेऊन तोटीला जोडली. दुपारी गाव जेवायला गेलं तेव्हा आई आणि वाड्यातल्या बायकांनी ते भरलं. आईनं आधी पिंप राखेनं घासून घेतलं, मग पुन्हा घासलं. म्हणाली, "त्यास्नी चालंल व्हय रं?"

"कळणार न्हाय," मी म्हणालो.

"तरी बी सोच्छ असावं. पाव्हणे हायत."

चार वाजता साहेब आले. ऊन मरणाचं होतं. त्यांनी तोटी फिरवली आणि पाणी असं धो धो आलं की मंडप टाळ्यांनी हलला. साहेबांनी पेला भरून प्यायला, दुसरा भरून प्यायला. तिसरा सरपंचांच्या हातात दिला. सरपंचांनी पेल्यात बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि पिऊन टाकलं. मग स्टेजवरचे सगळे एकेक करून प्यायले. आई मंडपाच्या शेवटच्या खांबाशी उभी होती.

साहेब माइकवर आले, मिशा पुसल्या. "आरं, लई गोड पानी हाय. सरपंच, कुठल्या विहिरीचं म्हणायचं हे?"

भोंग्यातून प्रश्न गावभर गेला. मंडपातल्या एकूण एक माणसाला माहीत होतं की गावात पाणी कुठं आहे. सरपंचांनी घसा खाकरला आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्येला इचारा साहेब. समदं ह्येनंच बघितलंय."

"सांग रे यशवंता," साहेब खुशीत म्हणाले. "लाजतो कशाला? उद्या कारखान्याचा मंडप घालायचाय तुला."

खाली पहिल्या रांगेत अण्णा मला मानेनं नको नको म्हणत होते. रशीदभाईंनी माइकचा दांडा वाकवून माझ्याकडे केला.

मी पायरी चढलो.

"बौद्धवाड्यातल्या विहिरीचं, साहेब. पिंपात अजून हाय. आणू?"