दारावरची पट्टी

समाजशास्त्र विभागात प्रत्येक प्राध्यापकाच्या दारावर नावाची लाकडी पाटी आहे आणि तिच्यात सरकणारी एक पट्टी. ती सरकवली की ‘आहेत’ दिसतं, नाहीतर ‘नाहीत’. काल बाईंच्या दारावर ‘आहेत’ होतं. बाई वारल्या त्याला महिना झाला.

मी पाण्याच्या पाइपलाइनी आखणारी इंजिनियर. कागदावर माझं पाणी वस्तीतल्या शेवटच्या नळापर्यंत पोचायचं, वस्तीत कधीच नाही. असं का, हे माझ्या गणितात नव्हतं, म्हणून या विभागात शिकवणाऱ्या बाईंना पत्र लिहिलं. त्या म्हणाल्या, “पीएचडीला ये. संशोधनाचा आराखडा कच्चा असेल तसा पाठव.” मी दोन वर्षं तो खोडत, सुधारत बसले. चूक असलेलं ड्रॉइंग आमच्याकडे टेबलावरून पुढे जात नाही, तीच सवय. बाई दर वेळी म्हणायच्या, “अगं, चुका काढायला मी आहे ना.”

काल पक्का आराखडा आणि अर्ज घेऊन विभागात गेले. अर्जात मार्गदर्शकाच्या नावाची जागा कोरीच होती. शिपाईमामा ओळीने सगळ्या दारांवरच्या पट्ट्या सरकवत चालले होते. मी बाईंच्या दाराकडे बघतेय हे दिसल्यावर ते ओशाळले.

“हात जातो, ताई. एवढं एक दार सोडून पुढे जाववत नाही.”

माणसं असं का करतात? बाई दोन वर्षं माझ्याकडून असल्याच एखाद्या कच्च्या प्रश्नाची वाट बघत होत्या. तो पडला तेव्हा माझाही हात गेला. मी बाईंच्या दारावर टकटक केली.