सकुबाईला कोणी नाही

सकुबाईला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुझं इथं कोण आहे? उंबरमाळीला गाडीतून उतरून, चढण चढून वाडीत आलेल्या परक्या माणसानंही ते विचारलं नसतं. कारण त्यानं सकुबाईचं घर विचारताच चार दारांतून चार बायका हात करून दाखवत आणि त्यातली एखादी उलट विचारी, "काय काम हाय काकीकडं?" म्हणजे पत्ता मिळायच्या आधी झडतीच.

अशा सकुबाईला, ती सत्तरीला टेकल्यावर, इंग्लंडच्या सरकारनं नेमका हाच प्रश्न विचारला. आणि त्याचं खरं उत्तर दिलं तर लेकीकडे जायला मिळणार नव्हतं.

लेक एकुलती एक, नम्रता. नाशकाला नर्सिंग शिकली, मुंबईच्या इस्पितळात लागली आणि तिथून इंग्लंडला लेस्टरला गेली. तिथंच तिचं लग्न, तिथंच बाळंतपण. नात आता शाळेत जाते आणि फोनवर आजीला टाटा करते. सकुबाईनं तिला अजून कडेवर घेतलेलं नाही, आणि आता खुब्यात सळई बसल्यावर घेता येईल असंही नाही. गेल्या उन्हाळ्यात राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला, तोडलेल्या टहाळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन ती बांधावरून उतरत होती, पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी तिला उभं केलं, काठीनं चालवलं, पण वाकणं गेलं ते गेलंच. अंघोळीचं पाणी उचलता येईना, लुगड्याचे काठ पायापाशी सारखे करता येईनात. भाकरी मात्र ती स्टुलावर बसून अजूनही अशी थापते की तरण्या सुनांनी बघत राहावं. नम्रतानं फोनवर रडून सांगितलं, आई, आता कायमची इकडे ये. सकुबाईलाही तेच हवं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. उरलेले दिवस लेकीजवळ जावेत, यापलीकडे म्हातारीनं दुसरं काय मागावं?

आता वाडीतल्या सावडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. लावणीच्या दिवसांत सगळ्या बायका मिळून आज एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. त्याला सावड म्हणतात. सकुबाईनं हातपाय धड होते तोवर कुणाचा दिवस चुकवला नाही. अंगात ताप असताना चिखलात उभी राहिलेली बाई ती. ती पडल्यावर बायकांनी ना बैठक घेतली ना चर्चा केली. पुतण्याची बायको अनिता शेजारच्याच घरातली, ती रोज सकाळी अंघोळ घालायला लागली. चंदा, देवकी, बारकी या पाण्याचं, सरपणाचं, दवाखान्याचं पाळीपाळीनं बघू लागल्या. तुम्ही म्हातारीची सेवा करता असं कुणी म्हटलं तर रागावत. सेवा कसली, दिवस फेडतोय, म्हणत.

व्हिसाचं काम वाशिंदला शेखर नावाच्या माणसाकडे होतं. मोबाइलच्या दुकानावर त्याची छोटी कचेरी, तीत दोन खुर्च्या आणि भिंतीवर आल्प्स. माणूस सरळ होता, पण बोलू लागला की ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून पाणी जाई. त्यानं सकुबाईला समजावलं की म्हाताऱ्या आईबापांनी कायमचं जाऊन राहायचं तर तिकडचा नियम फार कडक आहे. आधी हे दाखवायचं, की माणसाला स्वतःचं स्वतः काही करता येत नाही. मग हे, की त्याच्या देशात त्याचं करणारं कुणीच नाही, आणि पैसे मोजूनही तशी सोय होत नाही.

"कुणीच नाय म्हंजे?" सकुबाईनं विचारलं.

"कुणीच नाही, मावशी. तसा कागद लागेल गावातून."

सकुबाईनं शेजारी बसलेल्या अनिताकडे पाहिलं. शेखरनं तिला अजून विचारलंच नव्हतं, की ही तुमची कोण.

कागदाचं काम पोलीस पाटील कुंडलिक याच्याकडे गेलं. कुंडलिक सकुबाईचा चुलत दीर. पोलीस पाटील झाल्यापासून तो घरातसुद्धा घसा खाकरून बोलायचा. शेखरनं अनिताजवळ निरोप दिला होता, की मावशींचं गावात कोण आहे, काय आहे, त्याचा दाखला आणा. आता आमच्या भागात परमुलखातून अशी चौकशी कशासाठी येते? सोयरिकीसाठी. आणि सोयरिकीच्या चौकशीला गाव काय उत्तर देतं, ते पोराटोरांनाही ठाऊक असतं. कुंडलिकनं बाह्या सरसावल्या. त्यानं लिहिलं की सकुबाई ही चांगल्या कुळातली असून तिला कशाचीही ददात नाही. तिचं स्वतःचं घर असून भातशेती आहे. पुतण्या व सून तिला आईप्रमाणे सांभाळतात, आणि संपूर्ण वाडी तिच्या शब्दाबाहेर नाही. खाली सही, शिक्का, आणि जागा उरली म्हणून वाडीतल्या आठ-दहा जणांच्या सह्या. वाडीची मान इंग्लंडात खाली जाऊ द्यायची नव्हती.

शेखरनं तो दाखला वाचला आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, हा कागद तिकडे पोचला तर तुमचं काम तिथंच संपलं म्हणून समजा. फाडून टाका. दाखला कुंडलिककडे परत गेला. पण कुंडलिक स्वतःच्या हातचं एवढं सुंदर अक्षर फाडणारा नव्हता. त्यानं शहापुरात जाऊन तो लॅमिनेट करून आणला.

सकुबाईला काही उमजेना. चांगलं लिहिलं तर बिघडतं आणि वाईट लिहिलं तर जुळतं, हा कुठला न्याय? तिला रात्री झोप येईना. मला कोणी नाही असं म्हणायचं म्हणजे नक्की काय म्हणायचं? अनिता मेली म्हणायचं का? तिच्या मनात आलं की आपण एकदा तोंडानं म्हणून बघावं. काळोखात तिनं म्हणून पाहिलं, "मला कोणी नाय." तेवढ्यात भिंतीपलीकडून अनिता म्हणाली, "काकी, काय हवं का?"

शेवटी उपाय अनितानंच काढला. शेखर म्हणाला होता की जवळच्या नातेवाइकांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं, की आम्ही यांचं करत नाही, तर अर्ज निदान उभा राहील. अनिता म्हणाली, मी देते. त्यात काय, एक सही तर करायची. सकुबाईला हे ऐकून बरं वाटावं की वाईट, तेच कळेना.

शहापूरला जायचं ठरलं. सही एकट्या अनिताची लागणार होती, पण पुतण्यानं इको गाडी दाराशी लावली तर चंदा, देवकी आणि बारकी आधीच आत बसलेल्या. काकीचं काम आहे आणि आपण घरी राहायचं, हे कसं दिसेल? शिवाय खुब्याचं दुखणं, वाटेत काही झालं तर? त्यांनी पाण्याच्या बाटल्या, उशी आणि तांदळाच्या भाकऱ्या घेतल्या होत्या.

नोटरी करणाऱ्या वकिलाची खोली वरच्या मजल्यावर. चौघींनी मिळून सकुबाईला जवळजवळ उचलूनच वर नेलं. वकील वयस्क होता. त्यानं चष्म्यावरून या लवाजम्याकडे पाहिलं आणि विचारलं, की या सगळ्या बाईंच्या कोण?

"कोणी नाय," चंदा म्हणाली. वाटेत सगळं पढवून ठेवलेलं होतं.

देवकीनं सांगितलं, की तीही कोणी नाही. बारकीला वाटलं आपण कमी पडू नये. ती म्हणाली, "मी तर पल्याडच्या घरची. मी अजिबातच कोणी नाय."

हे चाललं असताना अनिता सकुबाईच्या पाठीशी उशी सारत होती. मग तिनं स्वतःच्या पिशवीतून दुपारची गोळी काढली, सकुबाईच्या तळहातावर ठेवली, बाटलीचं झाकण उघडून दिलं आणि ओठाबाहेर ओघळलेलं पाणी पदरानं टिपलं. वकील ते बघत होता. त्यानं टाइप केलेला कागद घेतला आणि कामाचा भाग म्हणून मोठ्यानं वाचला. "अर्जदार श्रीमती सकुबाई यांची दैनंदिन देखभाल मी करीत नाही, व यापुढेही करू इच्छित नाही."

"करू इच्छित नाही म्हंजे?" सकुबाईनं विचारलं.

वकील म्हणाला, म्हणजे यांची तुमचं करायची इच्छा नाही.

अनितानं पेन उचललं. सकुबाईनं तिचं मनगट धरलं.

"नको गो."

"करू द्या, काकी. नम्रता वाट बघते. मी काय मनातून लिवते?"

"मनातून नाय, म्हनून तर नको."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. सोडायची ती लेक, आणि धरलेलं ते हे मनगट. सकुबाईनं मनगट सोडलं नाही. वकिलानं कागद उपडा घातला आणि त्यांना भाकरी खायची तर खाली झाडाखाली सावली आहे म्हणून सांगितलं. भाकरी कुणाला फारशी गेली नाही.

संध्याकाळी नम्रताला सांगावं लागलं. ती आधी चिडली. किती धावपळ केली मी, म्हणाली. मग रडत म्हणाली, "म्हणजे मी नको तुला." सकुबाईनं सांगितलं, की तू तर मला श्वासासारखी हवीस. पण जी मला रोज न्हाऊ घालते तिला खोटी पाडून तुझ्याकडे यायचं, ते नाही जमत गो बाय. चुकलं कुणाचंच नव्हतं. त्यामुळे भांडताही येईना.

चार दिवसांनी नम्रतानंच शेखरला फोन केला. तो म्हणाला, कायमचं राहू द्या, भेटीचा व्हिसा मागून बघू. सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. मिळेलच असं मी सांगत नाही. पण त्यात बघतात ते हे, की माणूस परत येणार का. त्याला परत ओढणारं गावात काय आहे, कोण आहे. मग त्यानं सकुबाईलाही फोनवर हे समजावलं आणि थोडं ओशाळून विचारलं, "मावशी, तो पहिला दाखला फाडला का हो?"

सकुबाईला हसावं की रडावं कळेना. परवा कोणी असायला नको होतं, आज सगळी वाडी हवी. "सरकार एकच ना रे बाबा?" तिनं विचारलं. एकच, शेखर म्हणाला. कुंडलिकनं लॅमिनेट केलेला कागद दोन्ही हातांत धरून वाशिंदला नेला आणि शेखरच्या टेबलावर असा ठेवला, की शेखरला त्याला चहा पाजावा लागला.

अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अनिता नेहमीसारखी कढत पाण्याची बादली घेऊन न्हाणीत आली. तिनं सकुबाईच्या पाठीवर पाणी घातलं, पाठ चोळली. मग पाठीमागूनच म्हणाली,

"काकी, परत येशाल ना?"

"कागदात लिवलंय ना, येनार म्हनून."

"कागदाचं नाय इचारत मी."

नात गळ्यात पडल्यावर पाय निघेल का, हे सकुबाईला खरंच ठाऊक नव्हतं, आणि या बाईपाशी खोटं बोलायचं नव्हतं. तिनं मागे हात नेला आणि अनिताचा ओला हात चाचपून धरला.

"तुमचे फेडायचे दिस कवाच फिटले, अनिता. आता तुझे दिस माझ्यावर चढलेत. ते अंगावर घेऊन मी तिकडं ऱ्हाईन कशी?"

बादलीत पाणी शिल्लक होतं, तरी अनितानं तांब्या भरायला हात सोडवून घेतला नाही.