निवडुंगातलं बिऱ्हाड

इकडे ये गं, बस अशी जवळ. आल्या आल्या निघायची कसली घाई तुझी? ऐक.

सॅन डिएगोच्या या घरामागे फड्या निवडुंग माजलाय. घराशी काटेरी झाड नको, म्हणून गेल्या आठवड्यात मीच मोठी कात्री घेऊन गेले. दोन फडे पाडले, तेवढ्यात पायवाटेवर रोज दिसणारी ती गोरी बाई धावत आली. सत्तरीची असेल. गळ्यात दुर्बीण, टोपी हनुवटीखाली दोरीने बांधलेली.

मोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, "हे माझ्या मुलाचं घर आहे!"

"हो," तिने निवडुंगाकडे बोट दाखवलं, "आणि ते त्यांचं."

काट्यांच्या मधोमध गवताचं आडवं घरटं, आत उघड्या चोची. वर ठिपक्यांच्या छातीची चिमुकली आई, चालू न होणाऱ्या गाडीसारखी घरघरत होती. या पाखराला कॅक्टस रेन म्हणतात. समुद्राकडच्या या कोरड्या झुडपांत ती निवडुंगातच घर करते, आणि वणव्यांत निवडुंग पुष्कळ जळलाय.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाई मात्र रागावली नाही. खिशातून चिमटा काढून, माझा तळहात आपल्या गुडघ्यावर ठेवून त्यात रुतलेलं एकेक कुसळ उपटत बसली. जाताना पाडलेले फडे तिने मातीत रोवले.

नाव विचारायचं राहिलंच. पण तिने माझ्या हातून पाप होऊ दिलं नाही, हे रोज दिवा लावताना मी देवाला सांगते.

पिल्लं आता घरट्याच्या तोंडाशी येऊन बसतात. उडून जायच्या आत मुलांना घेऊन ये, बाई.