डाव्या हाताची धार

इस्पितळात तिला सगळे वाफेबाई म्हणत. शस्त्रक्रियेची हत्यारं धुवायची, वाफेच्या यंत्रात घालायची, बोथट झालेली धारेला पाठवायची, हे तिचं बावीस वर्षांचं काम. नवरा यंत्रात मावत नाही म्हणून वाचला, असं परिचारिका म्हणत. तीही हसायची.

तिचा मामा सैन्यातला. तो गेला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या डब्यात पाच घडीचे चाकू निघाले. पाचही एकाच साच्यातले, शिंगाच्या मुठीचे, पात्याच्या बुडाशी तोच शिक्का. आजारपणात मामानं तिला सांगितलं होतं की यातला एक त्याच्या पलटणीतल्या जोडीदाराचा आहे. जोडीदार लढाईतून परतला नाही. चाकू त्याच्या बहिणीला द्यायचा राहिला, कारण तिच्यासमोर उभं राहायची मामाची छाती झाली नाही. कोणता, असं हिनं विचारलं.

"तिला कळेल," एवढंच मामा म्हणाला.

वाफेबाईनं त्या जोडीदाराच्या बहिणीला पत्र टाकलं. मग चाकू पुढ्यात घेतले. पाती काळवंडलेली, कडेला लाल गंज. वाफेत घातले तर शिंग तडकेल, हे तिला ठाऊक होतं. तेलाच्या फडक्यानं लाल तेवढं काढलं. काळं राहू दिलं, ते पात्याला जपतं. इथवर सगळं बरोबर झालं. मग सवयीनं तिनं पाचही चाकू इस्पितळाच्या धारवाल्याकडे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. उद्या येते, म्हणाली. ठेवता ठेवता तिनं सांगितलं, "चाकूंना काही करू नकोस हं. माझा भाऊ डावखुरा. दगडावर पातं उलट्या अंगानं घासायचा. बोट फिरवलं की ओळखेन मी."

 वाफेबाई तशीच धारवाल्याकडे निघाली. गल्लीच्या तोंडाशीच धारेच्या चाकाचा आवाज आला. बावीस वर्षांत कुणाचं रक्त धुताना जी बोटं अडखळली नव्हती, ती आता पदर धरून राहिली.

चार चाकू धार लावून झाले होते. पाचवा त्याच्या हातात होता. तिनं तो जवळजवळ ओढून घेतला.

"हा सरळच आहे, ताई," धारवाला म्हणाला. "एकच वाकडा निघाला. एकाच अंगानं घासून घासून धार कलती केलेली कुणीतरी. घाम काढला त्यानं. पण आणला वठणीवर."

त्यानं तो दाखवला. कौतुकाची वाट पाहत राहिला. पातं इतरांहून सुतभर अरुंद झालं होतं.

त्या दिवशी तिनं चिमटे तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळे आले. काही बोललंच नाही तर? म्हातारी पाचांवर बोट फिरवेल, आपणच विसरलो म्हणेल, रिकाम्या हातानं जाईल. कुणाला कळणार होतं? हे इतकं सोपं आहे, याचंच तिला जास्त भय वाटलं.

बहीण आली. पाणी द्यायच्या आधी, दारातच वाफेबाईनं सगळं सांगून टाकलं. मान वर करायचा तिला धीर होईना.

म्हातारीनं तो अरुंद झालेला चाकू उघडला. बोट फिरवलं. दुसऱ्या अंगानं पुन्हा फिरवलं. 

"कलती होती असं कोण म्हणालं?"

"धारवाला, मावशी."

"त्याला माहीत होतं, भाऊ डावखुरा ते?"

"नाही. मी तोंड उघडायच्या आधीच तो बोलला."

म्हातारीनं पातं मिटलं. चप्पल पायात होतीच.

"चल मग, मला त्याच्याकडे ने. कुठे जास्त घासलेलं, किती घासलेलं, सगळं विचारायचंय मला. तो विसरायच्या आत."

रस्ता ओलांडताना तिनं वाफेबाईचं कोपर घट्ट धरलं.  कालपासून त्या चाकाखालून शंभर पाती तरी गेली असतील, हे वाफेबाईच्या मनात आलं. ती झपाझप चालू लागली.