मिठाच्या पाण्याची बरणी

मी भोरच्या दवाखान्यात डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. भोंगवलीचा एक सुतार अचानक मेला. भोरमधल्या एका घरी तो कपाटांना पॉलिश करायला येत असे. बायकोनेच जेवणातून धोतरा घातला, अशी त्याच्या भावाने फिर्याद दिली. फौजदारांनी तिला कचेरीत बसवून ठेवलं आणि प्रेत माझ्याकडे पाठवलं.

चिरफाडीआधी मी तिला भेटलो.

"शेवटी काय म्हणत होते ते?"

"पोट लई दुखत व्हतं. आन् भर दुपारी मला म्हनले, दिवा लाव गं, काय दिसंना."

धोतऱ्यानेही नजर अंधूक होते, त्यामुळे एवढ्यावर काही ठरत नव्हतं. पण जठर उघडलं तेव्हा स्पिरिटचा उग्र वास आला आणि लगेच विरला.

तपासणीला पाठवायचं जठर मी बरणीत ठेवलं. ते सडू नये म्हणून शिपायाने सवयीने वरून ओतायला स्पिरिटची बाटली पुढे केली.

"ती नको," मी म्हणालो. "जे शोधायचं तेच आपण ओतलं, तर मुंबईचे तपासणारे काय ओळखणार?"

मी त्याऐवजी खडेमीठ मागवलं; मिठानेही सडणं थांबतं. पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत घातलं आणि बरणी काठोकाठ भरली, वाफेला वर जागाच राहू नये म्हणून. फौजदार हसले.

"डॉक्टर, लोणचं घालताय की काय?"

मी बुचावर लाख ओतत राहिलो. एका हवालदाराने ती बरणी मांडीवर धरून कापूरहोळमार्गे पुण्याला आणि तिथून मुंबईला नेली.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. धोतरा सापडला नव्हता. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये असतं ते विषारी अल्कोहोल सापडलं होतं. दारू समजून तो कामावरचं तेच स्पिरिट प्यायला होता. फौजदारांनी स्वतः तिला सोडलं आणि दिराला चार शब्द सुनावले.

ती दवाखान्यात आली. मला वाटलं, पाया पडेल. पण तिने विचारलं, "डाक्टरसायेब, त्ये स्पिरिट अजून तितंच असंल न्हवं? दुसरं सुतार हायेत की तितं."

हे मला सुचलंच नव्हतं. मी टोपी घातली आणि तिच्याबरोबर निघालो. त्या घरी दोन सुतार काम करत होते. कपाटामागे अर्धी बाटली होती. तिने नवऱ्याचं काय झालं ते सांगितलं, तसा त्यातल्या धाकट्याचा चेहरा उतरला.

"म्या उद्या घेनार व्हतो," तो म्हणाला.

तिने ती बाटली अंगणात उपडी केली. त्या दुपारी मी घरी जाऊन पोटभर जेवलो.