सुलतान संजर पळाला का नाही

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि दोन हजारच्या दशकात माझी शेवटची पोस्टिंग जर्मनीत निघाली. ठिकाण येना, ऑर्डर मुलीची. मृणाल तिथे सेल्जुक तुर्कांच्या सल्तनतीवर पीएचडी करत होती. जावई दूर उंटरश्लाइसहाइम गावात नोकरीला, घरी फक्त शनिवार-रविवार. माझी ड्यूटी सोपी होती. सकाळी नातीला किटामध्ये, म्हणजे बालवाडीत सोडायचं. मी मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि आमचं छान जमायचं. परत आलो की मृणाल तिच्या भाषणाची तालीम माझ्यासमोर करायची. टेबलावर नकाशा पसरला की मी खूश.

सेल्जुक म्हणजे मेंढ्या चारत आलेल्या टोळ्या. गझनीच्या भल्यामोठ्या फौजेला त्यांनी पाण्यावाचून तडफडवलं आणि हरवलं. दोन पिढ्यांत त्यांचं राज्य भूमध्य समुद्राला भिडलं. मग हुशार वजीर मारला गेला, पाठोपाठ सुलतान गेला आणि भाऊबंदकी सुरू झाली. ती आपल्याला नवीन नाही. शेवटचा मोठा सुलतान संजर. त्याच्याच मुलुखातल्या तुर्क मेंढपाळांनी बंड करून त्याला पकडलं. दिवसा तख्तावर बसवायचे, रात्री पहाऱ्यात ठेवायचे. तो जवळजवळ तीन वर्षं कैदेत राहिला आणि तेवढ्यात राज्य लुटून फस्त झालं.

“पळाला का नाही?” मी विचारलं.

“इतकी वर्षं प्रयत्नच केला नाही, बाबा. मला शेवटी तेच ठरवायचंय. तो दुबळा होता का?”

मी भडकलो. “यात काय ठरवायचंय? कैदेतून निसटायचा प्रयत्न करणं ही सैनिकाची ड्यूटी आहे. असल्या माणसाला मी लान्स नाईकसुद्धा केलं नसतं.”

“ऐका तरी. त्याची बेगम पण कैदेत होती. तिला टाकून जायला तो तयार नव्हता, असं म्हणतात. ती कैदेतच वारली, मग तो पळाला. आल्झो, म्हणजे तोवर सगळं संपलं होतं. वर्षभरात तोही गेला.”

मी उठून खिडकीशी गेलो. घरात कधीच न काढलेला विषय त्या दिवशी काढला.

बर्फातली आमची एक पोस्ट. वर दोघंच, नाईक दत्ता शेलार आणि शिपाई बबन कोळेकर. मी खाली बेसवर, रेडिओ सेटजवळ. दत्ता रोज सकाळी रिपोर्ट द्यायचा आणि शेवटी, खाली जेवायला काय केलंय, ते विचारायचा. त्या दिवशी वरचा बर्फाचा कडा सुटणार अशी खबर होती. कंपनी कमांडरचा हुकूम आला, पोस्ट रिकामी करा. बबनचा पाय आदल्या दिवशी मोडला होता. हेलिकॉप्टर उडण्यासारखी हवा नव्हती.

“दत्ता, खाली ये. ओव्हर.”

“बबनला चालता येत नाही, साहेब. ओव्हर.”

“त्याला नीट झाकून ठेव. तू ये. त्याच्यासाठी टीम पाठवतोय. ओव्हर.”

“एकटा घाबरेल तो. मी थांबतो, साहेब. आउट.”

आउट म्हणजे बोलणं संपलं. इतक्या वर्षांत दत्ताने माझं बोलणं कधी तोडलं नव्हतं. टीम वाटेत असतानाच कडा सुटला. बर्फ वितळल्यावर दोघं सापडले, एकाच स्लीपिंग बॅगेखाली. हुकूम बरोबर होता, आजही मी तोच देईन. पण पोटच्या पोरासारखा माणूस गेला, ते दुःख हुकुमाने कमी होत नाही.

मृणालने भाषणाचे कागद पुढे ओढले. म्हणाली, “काय लिहू, बाबा?”

“दुबळा लिहू नकोस.”

पुढचं मात्र तिला सांगवलं नाही. दत्ताच्या घरी मीच गेलो होतो. त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, सगळं जसंच्या तसं सांगितलं. दत्ता किती शूर होता तेही सांगितलं. पलटणीत दत्ता आणि बबन ही नावं आजही छाती पुढे काढून घेतात, मीही घेतो. वहिनींनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

“साहेब, त्या बबनला सोडून ते आले असते ना, तरी मी त्यांना घरात घेतलं असतं.”