कासवाचं शिवलेलं पान

खरं सांगते, भानुमतीताई पहिल्यांदा आमच्या अंगणवाडीत आल्या तेव्हा मला त्या अजिबात आवडल्या नव्हत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत चार पुस्तकं, बगलेत सतरंजी. शाळेच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेल्या. नवरा गेल्यावर इथं हर्सूलला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून मुलाकडं राहायला आल्या होत्या. आमच्या सेविका करुणा मॅडमना म्हणाल्या, "रोज एक तास द्या मला. मुलांना तळ्यातले प्राणी शिकवते. पुस्तकातून अन् योगासनातून."

मी आतून खिचडी ढवळता ढवळता बोललेच, "अहो ताई, तळं इथनं पाच मिनटावर हाये. बेडूक आपणहून येत्यात शिकवायला."

मी केसरबाई, इथली मदतनीस. माहेर पिशोर. तोंड फटकळ, हे सासरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं. ताई मात्र रागावल्या नाहीत. "मग पहिला बेडूक तुम्हीच करून दाखवा, केसरबाई," म्हणाल्या. आता बोला! पोरं टाळ्या पिटायला लागली, मला पदर खोचून उकिडवं बसावंच लागलं.

त्यांची पद्धत साधी होती. मोठ्या चित्रांचं एक तळ्याचं पुस्तक होतं. ज्याची पाळी त्यानं डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं. जो प्राणी निघेल त्याचं ताई वाचणार, मग सगळ्यांनी तो प्राणी व्हायचं. बगळा निघाला की एका पायावर उभं राहायचं, अन् मासा जवळ येईपर्यंत हलायचं नाही. मासा निघाला की उताणं पडून छाती वर काढायची. "पाहिलेलं विसरतं, केसरबाई. अंगानं केलेलं विसरत नाही," असं त्या म्हणायच्या. शिवमनं घरी जाऊन आज्जीला बगळा करायला लावलं, तर ती साळूबाई दुसऱ्या दिवशी कंबर धरून भांडायला आली. मी अकराच्या ठोक्याला ओरडायची, "बगळे, खाली बसा! खिचडी गार होतीया!" असं भांडत भांडतच आमचं जमलं. 'केसरबाई'ची मी कधी 'केसर' झाले ते कळलंही नाही.

गेल्या वर्षी अपेक्षा आली. चार वर्षांची. घरी बोलते म्हणे, आमच्याकडं मात्र एक शब्द नाही. स्वयंपाकखोलीच्या दाराशी बसायची. कुणी मोठ्यानं बोललं, म्हणजे बहुतेक मीच, की पाय पोटाशी घेऊन कपाळ जमिनीला टेकवायची अन् तशीच राहायची. एकदा मी तिला दंडाला धरून उठवायला गेले, तर ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"ओढू नकोस तिला. कासव झालीय ती. कासवाला ओढून काढत नाहीत, ते आपलं आपण बाहेर येतं."

मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, अन् हात तसाच ठेवून पुढं वाचत राहिल्या. मला लई शरम वाटली. त्या दिवसापासून कासवाचं पान अपेक्षाचं झालं. ते निघालं की सगळी पोरं तिच्यासारखी पाठ वर करून बसायची, अन् ती हळूच मान काढून बघायची.

या जानेवारीत सार्थकनं डोळे मिटून पान उघडलं. चित्र माशाचं, अन् ताई वाचायला लागल्या बदक. पोरं खिदळली, "ताई चुकल्या!" ताईही हसल्या. पण चित्र बघायला त्या मान एका बाजूला वळवत होत्या, ते मी पाहिलं. पोरं गेल्यावर मी त्यांना ओट्यावर बसवलं अन् सरळ विचारलं.

"डोळ्यांच्या पडद्याचं आहे, केसर," त्या म्हणाल्या. "कडेकडेनं दिसतं. रस्ता कळतो, माणूस कळतं. पण समोर बघावं तिथंच काळा डाग. चित्र नाही, अक्षर नाही."

"मुलाला सांगितलं?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच सांगितलंय. श्रीरंग म्हणतो, ज्या दिवशी वाचता येणार नाही त्या दिवसापासून अंगणवाडी बंद."

श्रीरंग वाईट नाही हो. मागं एका स्कूटरवाल्यानं ताईंना धक्का दिला होता, तेव्हापासून तो धास्तावलाय. सून चारुता तर त्यांना पाणीसुद्धा उठून घेऊ देत नाही. पण ताई म्हणाल्या, "बाकी तेवीस तास मी कुणाची आई असते, कुणाची सासू असते, डॉक्टरांची पेशंट असते. हा एक तास तेवढा माझा आहे, केसर. तो गेला तर मी काय करू?"

मी त्यांना दटावलं, रडायचं नाय म्हणून. अन् स्वतःच रडले.

मग आम्ही दोघींनी डोकं चालवलं. पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं, फक्त कुठलं पान उघडलंय ते कळायला पाहिजे होतं. म्हणून नवा खेळ काढला. पान उघडलं की प्राण्याचं नाव घ्यायचं नाही, आवाज काढायचा. बेडूक आला की डराँव डराँव. सापाला फुस्स. बगळ्याला एक पाय धप्पकन आपटायचा. माशाला ओठांनी पक पक. जो नाव घेईल त्याला खिचडी शेवटी मिळेल, असा दमच दिला मी. ताई आवाज ऐकायच्या, अन् अशा वाचायच्या की अक्षरावर बोट ठेवलंय असं वाटावं.

अडलं ते कासवापाशी. कासवाला आवाज कुठला? शेवटी एका दुपारी मी सुईदोरा घेतला अन् कासवाची दोन पानं एकमेकांना दोन टाक्यांनी शिवून टाकली, म्हणजे ती उघडायलाच नकोत. अपेक्षा पुढं कितीदा त्या टाक्यांवर बोट फिरवायची अन् माझ्याकडं बघायची. मी दुसरीकडं तोंड करायची.

दीड-दोन महिने निभावलं. मग शिवमच्या आज्जीनं, त्या साळूबाईनं, किराणा दुकानात श्रीरंगला गाठून सांगितलं की तुमच्या आईला दिसत नाय वाटतं, माशाला बदक म्हणत्यात. दुसऱ्याच दिवशी गडी ऑफिसला न जाता दारात हजर.

"आई, तुझं चालू दे. मी नुसता बसतो."

बेडूक झाला, साप झाला. पोरांनी झकास आवाज काढले, ताईंनी झकास वाचलं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात श्रीरंगनं पुस्तक हातात घेऊन चाळलं. "हे पान का शिवलंय?"

त्यानं दोरा ओढून काढला, पान उघडलं अन् पुस्तक आईच्या हातात दिलं. "हे वाच बरं."

माझी अक्कल मलाच नडली होती. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सार्थकनं तोंड उघडलं अन् मिटलं. नाव घ्यायचं नाही हा माझाच दम, तो बिचारी पोरं पाळत बसली होती. मी ओरडून सांगितलंही असतं, पण श्रीरंग नेमका माझ्याकडंच बघत होता. ताई पुस्तक धरून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. अपेक्षा उठली होती. श्रीरंगच्या पायांजवळून वाट काढत ती ताईंसमोर आली, त्यांच्याकडं पाठ करून पाय पोटाशी घेतले, कपाळ जमिनीला टेकवलं. मग एक हात मागं नेऊन तिनं चाचपत ताईंचा हात धरला, पुस्तकावरून ओढून घेतला अन् आपल्या पाठीवर ठेवला.

ताईंचा श्वास मला आतपर्यंत ऐकू आला.

"हे आमच्या तळ्यातलं कासव," त्यांनी सुरुवात केली. "याचं घर याच्या पाठीवर. याला घाई नाही. भीती वाटली की आत जातं, भीती गेली की बाहेर येतं." सगळं पान त्यांनी वाचलं, एक शब्द चुकला नाही. एकेक करत सगळी पोरं कासव झाली.

श्रीरंग खाली बसला. आईच्या मांडीवरचं पुस्तक त्यानं उचललं, अन् तेव्हा मला दिसलं. घाईघाईत त्यानं ते उलटं दिलं होतं. आईनं ते सरळ करून घेतलं नव्हतं. त्यानं ते सरळ केलं, कासवाच्या चित्राकडं बघितलं, मग त्या पोरीच्या पाठीवरच्या हाताकडं बघितलं. मी हातातला खिचडीचा डाव घट्ट धरून उभी. संपलं आता, मनात म्हटलं.

त्यानं पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं.

"आई, उद्या किती वाजता सोडू तुला?"

ताईंचा हात अपेक्षाच्या पाठीवरून हलला नव्हता. "दहाला," त्या म्हणाल्या. "अन् केसर, खिचडी खाली लागली बघ."